हिरव्या पेशींची माया

३ फेब्रुवारी
आजपासून पेशी माझ्या ताब्यात. मूळच्या मूत्रपिंडाच्या, पण आत मेंदूतल्या रिसेप्टरचं जनुक घातलेलं. औषध आलं की ओळखायचं, हे त्यांचं काम. ज्यांच्यात रिसेप्टर आहे त्या मायक्रोस्कोपखाली हिरव्या चमकतात. काळोखात नुसते डोळेच डोळे. घाबरले नाही. महिनाअखेरीस औषधांची चाचणी यांच्यावरच. नीट झाली तर लॅबप्रमुख मॅडम मला कायम करणार.

५ फेब्रुवारी
मॅडम म्हणाल्या, खुराकात अँटिबायोटिक घालायचंच. जनुक टाकून देणाऱ्या पेशी त्याने मरतात. घातलं होतं. आज कितीतरी मरून तरंगत होत्या. माझा जेवणाचा डबा तसाच परत नेला. मला पाटीवर अक्षरं बाबांनी घरीच शिकवली, आणि त्याच्याही आधी हे, की मुक्या जीवाला छळायचं नाही.

६ फेब्रुवारी
डोस निम्मा. शास्त्राला धरूनच आहे.

१० फेब्रुवारी
डोस बंद. तात्पुरता. पेशी काय गुटगुटीत झाल्यात! आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, आणि तू जेवलीस का? विषय बदलला.

१६ फेब्रुवारी, सकाळ
हिरवा फिका वाटतो. मायक्रोस्कोपचा दिवा जुना झालाय.

संध्याकाळ
नवा दिवा बसवला. हल्ली नवे दिवेही तसलेच येतात.

२० फेब्रुवारी
निम्म्याहून जास्त काळोख. पण आहेत त्या. डोळे मिटून माझ्याकडेच बघतायत असं वाटतं. पेशी उबेत ठेवतात तो इनक्यूबेटर सारखा उघडून पाहिला. शेजारच्या टेबलावरचा दादा म्हणाला, आत काय भूत कोंडलंयस का? हसले. मग त्याच्याकडे पाठ करून बसवेना. मॅडमना सांगणार आहे. पण त्या फार कामात असतात.

२७ फेब्रुवारी
चाचणी. एकही औषध पेशींना कळलं नाही. मॅडमना म्हटलं, सगळीच औषधं निकामी दिसतायत. त्यांनी विचारलं, तुलनेला ठेवलेलं, हमखास चालणारं जुनं औषध, तेही? म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही.

२८ फेब्रुवारी
मॅडमनी स्वतः पाहिलं. एकही हिरवी नाही. अँटिबायोटिक कधी बंद केलंस, विचारलं. सांगितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, अगं, जनुक टाकलेल्या रिकामटेकड्या भराभर वाढल्या, कामाच्या होत्या त्या त्यांच्या गर्दीत संपल्या. आता सगळ्यांवर ब्लीच ओत.
ओतताना तोंडातून सॉरी निघून गेलं. मॅडमनी विचारलं, कुणाला म्हणतेस?
कायम करण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.