तू माझ्याबरोबर शाळेत आलीस तेव्हा

मावशी,

तू गेलीस त्याला पुष्कळ वर्षं झाली, तरी तुझ्याशी मनातल्या मनात बोलायची सवय काही सुटली नाही. तुला मावशी म्हणायला मीच लागले. म्हणजे काय, असं तू विचारलंस, मी सांगितलं, आईची बहीण. त्यावर डोळे बारीक करून म्हणालीस, "तुझ्या आईला विचारलंस का? तिला चालेल काळी बहीण?" मी अशी गोरीमोरी झाले की काय सांगू! मग तूच खो खो हसलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. तशीच होतीस तू. आधी माणसाला कोंडीत पकडायचं, मग त्याला खायला घालायचं.

जर्मनीत, मानहाइमच्या त्या इमारतीत आम्ही नवीन होतो. नवरा रोज नदीपलीकडे लुडविग्सहाफेनला, रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून जायचा, लेक शाळेत, आणि मी घरी. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी होती. वरच्या मजल्यावरच्या बाई मला फोडणीच्या वासावरून सुनावत होत्या आणि मी आपली मान खाली घालून "हो, हो, सॉरी" करत होते. तेवढ्यात तळमजल्यावरचं तुझं दार उघडलं आणि हातात रिकामा वाडगा घेऊन तू बाहेर आलीस. "हा वास ज्याचा आहे ते मला हवंय. भरून आण," म्हणालीस. त्या बाई तणतणत वर गेल्या. मी आमटी आणली, आणि तेव्हापासून दुपारी तुझ्या स्वयंपाकघरात बसायला लागले.

तुझी गोष्ट तू सलग कधी सांगितली नाहीस. कांदा चिरताना थोडी, भांडी पुसताना थोडी. दक्षिण आफ्रिकेत तू शाळामास्तरीण होतीस. गोऱ्यांच्या सरकारनं काळ्या मुलांसाठी वेगळाच अभ्यास काढला, घरगड्याला लागेल तेवढंच शिकवणारा. तू नोकरी सोडलीस आणि चर्चच्या स्वयंपाकघरात चोरून खरी पुस्तकं शिकवायला लागलीस. मग पत्रकं वाटणं, मोर्चे, आणि एका सकाळी पोलीस. एकटीला कोठडीत ठेवलं होतं तेव्हा तू रोज भिंतीसमोर उभी राहून हजेरी घ्यायचीस, एकेका मुलाचं नाव मोठ्यानं पुकारून. मग गणित, मग भूगोल. पहारेकरीण दारावर काठी आपटून ओरडायची, गप्प बस. तू आतून सांगायचीस, "वर्ग चालू आहे, नंतर या." मावशी, हे तू मला चहात साखर ढवळत सांगितलंस, जशी काही गंमतच. मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही.

सुटल्यावर तुला तिकडे जगणं अशक्य करून टाकलं. इथल्या चर्चच्या बायकांनी बोलावून घेतलं, आणि वृद्धाश्रमाच्या मुदपाकखान्यात बटाटे सोलत तू पेन्शनला आलीस. देश मोकळा झाल्यावर परत का नाही गेलीस, असं मी एकदा विचारलं होतं. "गेले होते की. माझ्या मैत्रिणींची नावं आता रस्त्यांना दिलीत. रस्त्यांशी काय गप्पा मारायच्या?" आणि पुन्हा कांदा चिरायला लागलीस.

आणि मग लेकीच्या शाळेचं ते झालं. चौथीनंतर इथे मुलांची विभागणी होते. हुशार मुलं गिम्नाझियुमला, तिथून पुढे विद्यापीठाचा रस्ता. बाकीची हाउप्टशूलेला, तिथून लवकर हातकामाला. आणि तेव्हा तिथे वर्गशिक्षिका म्हणतील ती पूर्व दिशा. शिक्षिकेनं आम्हा दोघांना बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं की मुलगी गुणी आहे, पण तिच्यासाठी हाउप्टशूलेच बरी. आम्ही काय केलं असेल? माना डोलावल्या. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणालो. वर मी तिच्या हातात करंज्यांचा डबा ठेवला! आमच्याकडे शिक्षकांपुढे वर तोंड करून बोलत नाहीत, आधी मान द्यायचा आणि मग घरी येऊन काळजी करत बसायचं. तिनं मात्र लिहून टाकलं, पालकांना मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं तर हातातली सुरी तू खाली ठेवलीस. "तिनं तुझ्या मुलीला खाली ढकललं, आणि तू तिला मिठाई दिलीस?" तुझा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. मला रडू फुटलं. तू समजूत घातली नाहीस. म्हणालीस, "आल्झो, बरं तर, रडून झालं की सांग. परत जायचंय आपल्याला. एकच प्रश्न विचारायचा, आणि मग तोंड मिटायचं. उत्तर देणं तिचं काम आहे. तू तिच्या मदतीला धावू नकोस." रात्री नवरा म्हणाला, "अगं, शिक्षिका आहे ती, तिला कळत नाही का? उगाच पोरीवर राग काढेल." मी म्हटलं, "काढू दे. मी जाणार." लग्नानंतर त्याच्यासमोर इतकं ठणकावून मी पहिल्यांदाच बोलले असेन.

तुझा निळा कोट, मांडीवर ती जाडजूड पर्स, आणि शिक्षिकेसमोर तू बसलेली. मला वाटलं होतं तू बोलशील, तिला धुऊन काढशील. तू एक अक्षर बोलत नाहीस. आपण कोण, असं ती विचारते तेव्हा "हिच्याबरोबर आलेय" एवढंच. मग मी विचारते, "माझ्या मुलीला नेमकं काय येत नाही, ते मला दाखवा." शिक्षिका हसते. घरी तुम्ही जर्मन बोलत नाही, म्हणते. पुढे अभ्यास जड जाईल, मदत कोण करणार, मुलीचेच हाल. बाई वाईट नव्हती गं, तिला खरंच वाटत होतं की ती भलं करतेय. माझ्या तोंडात "बरोबर आहे तुमचं" येऊन थांबलेलं, आणि टेबलाखाली तुझा बूट माझ्या चपलेवर, दाबून! मी ओठ आवळून बसले. ती कपाटातून वह्या काढते, गणिताची उलटते, जर्मनची उलटते. पुन्हा उलटते. शेवटी घसा खाकरून म्हणते की पालकांचं दुमत असेल तर मुलीची वेगळी परीक्षा घेता येते, दुसरी माणसं घेतात ती. हे तिनं आधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "मग घ्या."

बाहेर येऊन मला नाचावंसं वाटत होतं. तू मात्र ट्रामच्या थांब्यावरच्या बाकावर बसलीस ती उठेचना. हात हातात घेतला तर तळवा घामानं ओला. मी घाबरले, डॉक्टरकडे जाऊ या म्हणायला लागले. "काही नाही," म्हणालीस, "तिनं दार लावून घेतलं ना. समोर टेबल, पलीकडे सरकारी माणूस आणि बंद दार. मला अजून जमत नाही ते." तरी तू शेवटपर्यंत बसून राहिली होतीस. माझ्यासाठी. मावशी, धीट माणसं मी पुढेही पाहिली, पण कुणाबद्दल इतकं काळजातून वाटलं नाही.

त्याच बाकावर तू माझ्याकडून वचन घेतलंस. "पोरीला यातलं काही सांगायचं नाही. तिच्यासाठी कुणाला भांडावं लागलं, हे तिला कळता कामा नये. एखादी तरी मुलगी हे ओझं न घेता मोठी व्हावी, यासाठीच तर मी आत गेले होते." अशी परीक्षा सगळ्यांचीच असते असं मी लेकीला सांगितलं; ती पास झाली, गिम्नाझियुमला गेली. तू तिला केक करून दिलास आणि अवाक्षर काढलं नाहीस. त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात तू गेलीस.

लेक आता इंजिनियर आहे, डार्मश्टाटला असते. बोलणं असं की समोरचा गप्पच व्हावा. परवा फोनवर मी तिच्या नव्या नोकरीची काळजी करत होते, तर जर्मनमध्ये म्हणाली, "आई, तू सगळ्यांना किती घाबरतेस गं! मला आजवर कुणी कुठे अडवलंय का?" सगळं जिभेवर आलं होतं. ती शाळा, तू, तो बाक. मी म्हटलं, "नाही गं बाई, कुणी नाही अडवलं." फोन ठेवला आणि खूप रडले. तुझं खरं झालं म्हणून आनंदानं, आणि लेकीला मी भित्री वाटते म्हणून रागानंही.

कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून हे लिहायला बसले. पाठवणार कुठे, आणि तुला मराठी कुठे वाचता येत होतं! लेकीलाही येत नाही. बोललेलं सगळं कळतं, पण अक्षरओळख शून्य. एरवी मला त्याचं वाईट वाटतं. आज मात्र, खरं सांगते मावशी, लिहून झालं की हे कागद मी कपाटात ठेवणार नाहीये. ती शनिवारी येतेय, आणि हे टेबलावर असेच उघडे राहणार आहेत. काय लिहिलंयस म्हणून तिनं विचारलं तर वाचून दाखवायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.