एका सुरीचं प्रमेय

विद्यापीठ वसाहत, १२ एप्रिल २००६

ती. तुइरेमावशीस,
हिल्लाचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार जरा लांबूनच करते, कारण बातमी ऐकून तू हातातलं काहीतरी फेकशील. मला संशोधनाची जागा मिळाली! चार वर्षं, पगारी, आणि शेवटी डॉक्टरेट. विषय गणिती इष्टतमीकरण, म्हणजे आई म्हणते तसं, आहे त्यात भागवण्याचं शास्त्र. एकाहत्तर अर्ज आले होते. काम तुझ्या ओळखीचंच आहे: कागदगिरणीतल्या अवाढव्य रोलचे गिऱ्हाइकांना हवे तेवढे रुंद तुकडे असे कापायचे, की कतरण कमीत कमी उरावी.

आता वाईट भाग. मार्गदर्शक प्राध्यापक हालोला आहेत. आई म्हणाली, मावशीला सांगूच नकोस, त्या माणसाचं नाव काढलं की ती भांडी आपटते. का आपटते, ते मात्र सांगत नाही. तू तरी सांग. तू नको म्हणालीस तरी मी जाणारच, पण तोंड वाकडं करून जाईन.

तुझ्या वेलचीपावावर वाढलेली,
हिल्ला

मुस्ताकोस्की, १९ एप्रिल २००६

चि. हिल्लास, अ. उ. आ.

भांडं आपटलं. कॉफीचं होतं, पोचा आला.

ऐक. १९७४ साली संशोधनाची जागा एकच होती आणि उमेदवार दोन, मी आणि वेइक्को हालोला. रोल कापण्याचं जे प्रमेय आज त्याच्या नावाने मिरवतं, ते मी सिद्ध केलं. सुट्टीत इथल्या गिरणीत काम करताना, यंत्राशेजारी उभं राहून. टाइपरायटर त्याच्याकडे होता. म्हणाला, दे तुझी वही, नीटनेटकं टाइप करून देतो. केलंही नीटनेटकं. फक्त वर नाव स्वतःचं घातलं. मी तक्रार केली तर सगळ्या विभागासमोर मला विचारतो, कुठली वही? जागा त्याला मिळाली. मी गिरणीत येऊन एकतीस वर्षं रोल कापण्याचे तक्ते करत बसले.

तू जायचंस. ती जागा माझी होती, ती घरी परत येते आहे. माझी भाची आहेस हे मात्र त्याला कळू द्यायचं नाही. आडनावं वेगळी आहेत, तेवढी देवाची कृपा.

आणि आपल्या विद्यापीठांची रीत तुला ठाऊक आहे. प्रबंधाच्या जाहीर परीक्षेत शेवटी उमेदवार सभेला म्हणतो, कुणाचा आक्षेप असेल तर उठा. कुणीही उठावं, अगदी मासेविक्याने. परवानगी मात्र सभेच्या यजमानाकडे मागायची, आणि यजमान म्हणजे मार्गदर्शक. हालोलाला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागेल, बोला बाई. त्या दिवशी मी उठणार. काळा पोशाख आजच शिवायला टाकला. मी त्याला माफ केलेलं नाही आणि सरणावर चढेपर्यंत करणार नाही.

अभ्यास कर, पोटभर जेव. माझा लोभ तुझ्यावर आहे, आणि डोळा त्याच्यावर.
तुझी,
तुइरेमावशी

विद्यापीठ वसाहत, ५ ऑक्टोबर २००९

ती. मावशीस, नमस्कार. आज साष्टांग वगैरे काही नाही.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण कोसळलं. अख्खं प्रकरण त्या प्रमेयावर उभं होतं आणि प्रमेयच चूक आहे. सिद्धतेच्या सहाव्या ओळीत एका रोलचे दोनच तुकडे होतात असं गुपचूप गृहीत धरलंय. तीन तुकडे केले की सगळं ढासळतं. हालोलांना विचारलं, दोनच का? ते म्हणाले, सौंदर्य म्हणून. मग दर नाताळातली तीच गोष्ट पुन्हा सांगितली, गोठलेल्या तळ्यावरून स्कीवर जाताना प्रमेय कसं आपोआप सुचलं ती.

खोलीवर आले आणि लख्ख आठवलं. मुस्ताकोस्कीच्या गिरणीतल्या जुन्या यंत्राला सुरी एकच होती, ते मोडीत पडलं होतं तेव्हा आजोबांनी मला दाखवली होती. एक सुरी, दोन तुकडे. ही चूक त्या यंत्राशेजारी उभं राहिलेल्या माणसाच्याच हातून होणार. चोराने तुझा डागसुद्धा चोरला, मावशी.

पण पाच सुऱ्यांचं नवं यंत्र गिरणीत १९७६ मध्ये आलं आणि त्याचे तक्ते तूच करत होतीस. पहिल्याच आठवड्यात तुला भोक दिसलं असणार. त्याला सांगितलं नाहीस, ठीक. मी साडेतीन वर्षं त्याच भोकावर घर बांधत होते, तेव्हा मला का नाही सांगितलंस? माझ्या परीक्षेत उठून हेच बोलणार होतीस ना? त्याचे कान लाल झाले असते. मी पदवीशिवाय घरी आले असते.

उत्तर दे.
हिल्ला

मुस्ताकोस्की, ९ ऑक्टोबर २००९

चि. हिल्लास, अ. उ. आ. घेशील तर.

होय, हेच विचारणार होते. तेहतीस वर्षं ते वाक्य तोंडात घोळवलं आहे. तुझी पत्रं वाचताना तू त्याची विद्यार्थिनी आधी आणि माझी भाची नंतर, असा क्रम माझ्या डोक्यात कधी लागला ते कळलंच नाही. त्याने माझी वही घेतली आणि मी तुझी चार वर्षं घ्यायला निघाले होते. मला लाज वाटते. माझं चुकलं, हिल्ला.

मी परीक्षेला येणार नाही. सूड सोडलेला नाही, तुझ्या मानेवरून तेवढी सुरी उचलली. प्रकरण दुरुस्त कर. पाच सुऱ्यांचे माझे जुने तक्ते पाठवते आहे, त्यांतून वाट निघेल.

रागावलेलीही माझीच असशील ना?
तुइरेमावशी

विद्यापीठ वसाहत, २ एप्रिल २०१०

ती. मावशीस, शि. सा. न. (पुन्हा सुरू केला आहे.)

तक्त्यांतून वाट निघाली. प्रकरण आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. त्यात मी लिहिलं, की हालोला-प्रमेय फक्त दोन तुकड्यांना लागू पडतं. हालोलांनी छान सुधारणा म्हणून सही ठोकली. दोनच का, हा प्रश्न त्यांना अजूनही पडलेला नाही. तुझं नाव मी छापलेलं नाही, मुद्दाम.

परीक्षा सात मेला, दुपारी बारा वाजता. तू येणार आहेस. उठणार आहेस. फक्त प्रश्न मी सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय तोच विचारायचा, एक अक्षर जास्त नाही.

काळा पोशाख घट्ट होत असेल तर आजच सैल करून घे.
हिल्ला

विद्यापीठ वसाहत, ११ मे २०१०

ती. तुइरेमावशीस,
डॉक्टर हिल्लाचा शि. सा. न. वि. वि.

चार वाजून चाळीसच्या गाडीने पळालीस! सभेत प्रश्न विचारणाऱ्याला संध्याकाळच्या मेजवानीला बोलवावंच लागतं, म्हणून तुझ्या नावाची पाटी लावून खुर्ची ठेवली होती, बरोबर हालोलांच्या समोर. तू आली नाहीस तरी पाटी मी काढू दिली नाही.

तू उठलीस तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. छत्तीस वर्षांनी ओळखलं त्यांनी. 'बोला' म्हणायला त्यांना दोनदा घसा खाकरावा लागला. तू तुझ्या थंड आवाजात विचारलंस, मूळ सिद्धतेत तुकडे दोनच का? आणि मी उत्तर दिलं: कारण ती मुस्ताकोस्कीच्या एका सुरीच्या यंत्राशेजारी सुचली, जिने ते यंत्र चालवलं आणि १९७४ साली ती सिद्धता लिहिली, तिनेच आता हा प्रश्न विचारला आहे. मावशी, मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. चांगल्या माणसाला होऊ नये असा आनंद होता तो.

मेजवानीत स्वीडनहून आलेल्या परीक्षकांनी हालोलांना साळसूदपणे विचारलं, की ते स्कीवालं तळं नक्की कुठलं? हालोला म्हणाले, मासा थंड होतोय.

सोमवारी हालोलांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुइरे पहिल्यापासून हळवी होती; सिद्धता त्यांनी सुधारली होती; आणि डॉक्टरेट नसलेल्या गिरणीतल्या बाईचं नियतकालिकात कोण छापणार? मला पुढच्या नोकरीसाठी शिफारस देणार नाहीत. नको देऊ देत. रडले थोडी, पण पश्चात्तापाने नाही.

आता तूच सांग, एवढ्यावर थांबायचं का?
तुझ्याइतकीच खुनशी झालेली,
हिल्ला

मुस्ताकोस्की, १७ मे २०१०

चि. डॉ. हिल्लास, अ. उ. आ.

त्याच्याबरोबर एका टेबलावर मीठसुद्धा खाल्लं नसतं, म्हणून पळाले. गाडीत शेजारणीला सगळं सांगितलं, ती तिचं स्टेशन चुकली.

नाही, थांबायचं नाही. शिफारशीचं पत्र तुला त्या स्वीडनच्या परीक्षकांकडून मिळेल. मी त्यांना लिहिलं, ते आनंदाने देतो म्हणाले. आणि डॉक्टरेट नसलेल्या बाईचं कुणी छापत नाही हे वेइक्कोचं म्हणणं खरंच आहे, म्हणून त्याचा बंदोबस्त करते आहे. तू मोकळी केलेली जागा विद्यापीठाने जाहीर केली: इष्टतमीकरण, चार वर्षं, पगारी. जाहिरात तीनदा वाचली, वयाची अट कुठेही नाही. बासष्ट म्हणजे काही फार नाही.

अर्ज काल टाकला. निवड समितीचा अध्यक्ष तोच आहे, निवृत्तीआधीची शेवटची निवड. उमेदवाराचं काम जवळून वाचलेल्या एका प्राध्यापकाचं नाव द्यावं, असा एक रकाना होता. तिथे मी लिहिलं, प्राध्यापक वेइक्को हालोला. माझं काम त्याच्याइतकं जवळून दुसऱ्या कुणीच वाचलेलं नाही.

तुझी,
तुइरेमावशी