गाठवाली सून आणि तुमचं खाकरणं

अहो सुमनचे बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होतील. आजवर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर एक गोष्ट कबूल करावी लागली असती. पण काल लातूरला तिच्या घरी सुमननं मोबाईलवर आपली जुनी मालिका लावून दिली. तीच, पदराला गाठ मारून जादू करणारी सून!

अहमदपूरला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघायचो. सून गाठ मारायची, भाकरी आपोआप भाजायच्या. नवरा आला की गाठ सोडून मुकाट चुलीपुढं बसायची. तुम्ही किती हसायचात! "काय येडं ध्यान हाय गं ते! बायको जादूगार अन् ह्याला पत्ता न्हाई!"

मला हसू यायचं नाही. माझ्याही पदराला एक गाठ होती.

मला वाचता येत होतं, अहो. तुम्ही मार्केट यार्डात धान्याच्या मापाला गेलात की सुमनच्या पुस्तकांतून शिकले. तरी रेशनला तुमच्यासमोर अंगठाच लावायचे. का? रोज संध्याकाळी तुम्ही मला पेपर वाचून दाखवायचात. दिवसभरात तेवढाच वेळ तुम्ही माझे होतात. मला येतं हे कळल्यावर पेपर नुसता हातात ठेवला असता तर?

काल एक गोष्ट नव्यानं दिसली. तो नवरा प्रत्येक भागात दाराबाहेर थांबून खाकरतो, मग आत येतो. तिला गाठ सोडायला वेळ देत होता का? सुमन म्हणाली, "आई, हसायची मालिका हाय ती. लई अर्थ नको काढू."

पण तुम्हीही खाकरायचात! सासरे, थोरले दीर खाकरतात, बायकांनी पदर घ्यावा म्हणून. आपल्या दोन खोल्यांत कोण होतं? मी वर टोमणा मारायचे, "कोन हाय हितं लाजायला? या की गुमान!" तोवर पुस्तक पिठाच्या डब्यामागं गेलेलं असायचं.

एकदा पेपरातला विनोद तुम्ही वाचून दाखवायच्या आधीच मी हसले. तुम्ही नुसतं पान उलटलंत.

ठाऊक होतं ना? मग एकदा तरी म्हणायचं होतं! मी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही. आता कुणाला विचारू? थकले हो.

उद्या घरी जाते. रोज संध्याकाळी तुमच्या खुर्चीसमोर बसून पेपर मोठ्यानं वाचीन. अडखळले तर सांभाळून घ्या. दार उघडंच ठेवते. खाकरू नका, सरळ आत या.

खाली सही करते. अंगठा नाही.

तुमची,
कलावती