न दिलेली ओ

प्रिय आजी,

तुम्हाला काय म्हणून लिहावं, यात दोन कागद फाडले. ‘आई’ लिहिलं, तर हा हक्क याला कुणी दिला असं तुम्हाला वाटेल. ‘बाई’ लिहिलं, तर तुमच्याकडे फ्रीज दुरुस्तीला आल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी आमच्या घरात तुमचं जे नाव आहे तेच लिहिलं. तुमचा विषय निघाला की तुम्ही ‘आजी’च असता, आणि विषय रोज निघतो. आपली भेट एकदाच झाली, तीही दारात. तुमच्या सुनेशी मी लग्न करणार आहे हे स्वतः येऊन सांगावं असं मला वाटलं होतं. तुम्ही मला पाणी दिलंत आणि मी ते पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. मुलाला जाऊन सव्वा वर्षही झालं नव्हतं, तुम्ही दुसरं काय करणार होतात? त्या स्थितीतही पाणी विचारलंत, हेच माझ्या लक्षात राहिलं.

तुम्ही पाठवलेले तीन झबले पोचले. पार्सलवर नेहमीसारखं फक्त नातीचं नाव, आत चिठ्ठी नाही. कापड इतकं मऊ आहे की या दिवसांत तिला दुसरं काही घालवतच नाही. फक्त एक सांगायचं होतं, राग मानू नका. तिन्ही झबले काखेत काचतात. तुम्ही तिला पाहिलंत तेव्हा ती दहा महिन्यांची होती, आता बावीसची आहे. कामावरच्या टेपने माप घेतलं आहे: छाती एकोणीस इंच, उंची तेहतीस. उंचीबद्दल खात्री देत नाही, कारण टेप दिसली की ती तिचं दुसरं टोक धरून पळत सुटते.

आम्ही तिला खारू म्हणतो. हातात येईल ते गालात कोंबते, म्हणून. परवा तिच्या गालातून एक शर्टाचं बटण, अर्धं बिस्किट आणि माझ्या हत्यारांच्या पेटीतला एक रबरी वायसर निघाला. तिच्या आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या दिवसापासून पेटी कपाटावर असते. उन्हाळा म्हणजे माझा हंगाम. सगळ्यांचे फ्रीज आणि एसी याच दोन महिन्यांत मान टाकतात आणि प्रत्येकाला मी कालच यायला हवा असतो. आमच्या घरी मात्र एसी नाही. गिऱ्हाइकं हसतात. मी म्हणतो, न्हाव्याचेच केस वाढलेले असतात. खरं तर भिंतीतली वीजजोडणी जुनी आहे, एवढा भार सोसणार नाही. घरमालकाच्या मागे लागलो आहे.

यंदा ऊन फारच तापलं. पाळणाघर चालवणाऱ्या बाई महिनाभर त्यांच्या लेकीकडे गेल्या. तुमची सून औषधाच्या दुकानात सकाळी नऊपासून उभी असते, तिला सुटी मिळेना. तेव्हा अकरापर्यंत खारू शेजारच्या काकूंकडे असते, मग मीच सकाळची कामं उरकून घरी येतो, आणि ती चारला परतली की पुन्हा बाहेर पडतो. अकरा ते चार खारू आणि मी. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, पडदे ओढायचे आणि दोघांनी जमिनीवर पालथं पडायचं. तिच्या मानेवर घामोळं आलं होतं, आता बरं आहे. तांब्याच्या नळीची गळती शोधताना आम्ही जोडावर साबणाचा फेस लावतो. जिथे बुडबुडा फुगतो तिथून गॅस जातो. एकदा घरी एक भाग दुरुस्तीला आणला होता, तेव्हा तिने ते पाहिलं. आता ती घरातल्या प्रत्येक वस्तूला फेस लावून बघते. माझ्या कानालाही लावला.

आणि पेन्सिल. हातात आली की सोडत नाही. तिच्या कमरेइतक्या उंचीवर घराच्या चारी भिंतींना रेघा आहेत. त्या नुसत्या गिचमिड नाहीत हो, मला चित्रातलं काही कळत नाही तरी सांगतो. लांब, वळणदार, न थांबता काढलेली रेघ असते. तुमच्या मुलाच्या दोन वह्या इथे आहेत, मी त्या पाहिल्या आहेत. ड्रॉइंगचे मास्तर होते ते, हात त्यांचाच आहे. घरमालक म्हणाला, रंग देऊन टाका. मी म्हटलं, थांबा जरा.

त्यांचा फोटो हॉलमध्ये आहे, मी लग्न करून इथे आलो तेव्हा होता तिथेच. दुकानात जाण्याआधी आई खारूला कडेवर घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. ‘हे कोण?’ खारू म्हणते, ‘बाबा.’ मग माझ्याकडे बोट. ‘हे कोण?’ ‘काका.’ हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. मीच सुचवलं होतं. गेलेल्या माणसाकडे उरलेलं एवढंच, ते काढून घ्यायचं नाही असं मला वाटे. मध्ये काही दिवस ती मिशीवाल्या कुणालाही बाबा म्हणत होती. औषधाच्या दुकानाचे मालक तर इतके लाजले की त्यांनी तिला लिमलेटच्या गोळ्यांची अख्खी बरणी दिली. आम्ही खूप हसलो.

आता मागच्या सोमवारचं सांगतो. हे लपवून बाकीचं सांगता येणार नाही. दुपारी दोनचा सुमार होता, वीज गेलेली. तिच्या अंगावर पाणी घालावं म्हणून मी न्हाणीघरात बादली लावली, नळ सोडला. ती बाहेरच्या खोलीत खेळत होती. तेवढ्यात फोन वाजला. कुणाचा तरी फ्रीज बंद, आत औषधं. मी खिडकीशी गेलो, दोन मिनिटं बोललो असेन. मागे वळलो तर खारू नाही आणि न्हाणीघराचं दार बंद. खालची कडी तिने आतून सरकवली होती. ती कडी तिच्या हाताला येते हे मला तोवर माहीत नव्हतं. आत नळ वाहत होता, बादली भरत आली असणार, आणि ती त्या बादलीशी एकटी.

दार मोडावं, तर ती दारालाच चिकटून रडत होती. मी म्हटलं, ‘खारू, इथेच बस, दाराशी बस, मला टकटक करून दाखव.’ तिने टकटक केली. शेजारच्या शिंपीणकाकू धावत आल्या. त्यांना म्हटलं, ‘तिच्याशी बोलत राहा, टकटक थांबू देऊ नका.’ मी मागच्या बाजूने शिडी लावली. वरच्या झरोक्याला काचेच्या पट्ट्या आहेत. एकेक ओढून काढली. पाचवीला हात कापला, पण ते नंतर कळलं. आजी, आतली टकटक मध्येच थांबली. किती वेळ थांबली ते मला सांगता येणार नाही. मी डोकं आत घातलं. ती बादलीशी उभी होती, काठाला दोन्ही हात, आणि पाण्यात वाकून बघत होती. मी नाव घेतलं. तिने वर पाहिलं, हात उंच केले आणि म्हणाली, ‘बाबा.’

मी आत उडी टाकली, तिला उचललं आणि म्हणालो, ‘काका आलाय गं, काका आलाय.’

त्या दिवसापासून ती मला दुसरं काही म्हणत नाही. फोटोकडे बोट दाखवून बाबा म्हणते आणि माझ्याकडे वळूनही बाबा म्हणते. तिला त्यात काही अडचण दिसत नाही. अडचण मला आहे. हाक आली की मी पाण्याचा पेला शोधतो, चप्पल शोधतो, ऐकू न आल्यासारखं करतो. ती पुन्हा हाक मारते. मग जवळ येऊन माझी विजार ओढते. तिच्या आईला सगळं सांगितलं, बादलीसकट. ती बराच वेळ माझ्या हाताची पट्टी बदलत राहिली. मी विचारलं, ‘मी काय करू?’ ती म्हणाली, ‘मला नको विचारूस. मी तुम्हा दोघांचीही बायको आहे.’ कडी काढून टाकली आहे, बादली आता उलटी ठेवतो, आणि खारूजवळ एकटा असताना फोन बंद. तरी नातीला माझ्या भरवशावर ठेवायचं की नाही, हेही विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

तेव्हा विचारायचं तुम्हालाच होतं, म्हणून हे पत्र. हा शब्द तुमच्या मुलाचा आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी तो माझ्याकडून कळावा असं वाटलं. तुम्ही इथे या, तिला बघा, हवे तितके दिवस राहा. तुम्ही नको म्हणालात तर मी तिला गोडीने ‘काका’ शिकवेन, आणि तुमच्याविषयी मनात काही ठेवणार नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं असं मी कालच ठरवलं होतं. पण आत्ता दुपारचे तीन वाजले आहेत, ती पलीकडच्या खोलीत झोपेतून उठली आहे, अंधारलेल्या खोलीत एकटीच बसून हाका मारते आहे. ही तिसरी. आजी, मला माफ करा. मी ओ देतो आहे.

तुमचाच,
तुम्ही म्हणाल तो