चाकाची आतली बाजू

१७ जानेवारी, शनिवार. ट्रकी, कॅलिफोर्निया

माणूस किती ताठ असू शकतो, ते आज बर्फात बसून पाहिलं! लेक टाहोला निघालो होतो. घाटात बोर्ड: बर्फात घसरू नये म्हणून टायरना चेन लावा. कडेला पिवळ्या जॅकेटवाली माणसं पैसे घेऊन चेन लावून देत होती. नवरोबा निमिष म्हणे, मी इंजिनिअर आहे, मीच लावतो. चिपचा इंजिनिअर — चाकाशी काय संबंध? मी गाडीचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. या टायरला जाड चेन चालत नाही, चाकाच्या आतल्या बाजूला जागा कमी आहे, बारीक केबलची लावा. तर म्हणाला, "ड्रायव्हिंगचं तू मला शिकवू नकोस."

लावल्या. थोडं पुढे जाऊन थांबायचं आणि पुन्हा घट्ट करायच्या, हे चेनच्या पिशवीवरच लिहिलं होतं. थांबला नाही. अनिका मागून विचारत राहिली, "बाबा, व्हॉट्स दॅट नॉइज?" बर्फाचा आवाज, म्हणे! उंटावरचा शहाणा.

१९ जानेवारी, सोमवार

सनीव्हेलला परतलो. येताना बर्फ संपला, रस्ता कोरडा झाला, तरी चेन तशाच. म्हणे, पुन्हा लागल्या तर? पुन्हा कोण वाकणार? ऑबर्नपर्यंत चाकांखाली कोणी भांडी आपटतंय असा आवाज. शेवटी पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा काढल्या. बोलून काय उपयोग!

२१ जानेवारी, बुधवार

गाडी वळवली की पुढून खटखट येते. साहेबांनी निदान केलं — डिसेंबरमध्ये किराणा दुकानापुढे माझं चाक कर्बला, म्हणजे फुटपाथच्या कडेला, घासलं होतं ना, त्यानेच! घासलं होतं, मान्य. चालण्याच्या वेगाने, एक चाक, बाहेरून. महिनाभर गाडी गप्प होती, ती टाहोहून आल्यावर बोलायला लागली?

चावी काढून घेतली. "तुझा हात नीट बसेपर्यंत नको." वर्क परमिटसाठी किती वर्षं थांबले! आता कुठे फ्रीमाँटच्या लॅबमधली नोकरी मिळाली आहे, दोन फेब्रुवारीला रुजू व्हायचंय. तिथे जायला धड बस नाही. तो कंपनीच्या शटलने जाईल आणि गाडी मला, असं ठरलं होतं. आता तो स्वतःच गाडी नेणार म्हणतो. मला आवाज ऐकू येतो आणि हेतूही.

२५ जानेवारी, रविवार

सरलाकाकूंकडे हळदीकुंकू. आम्ही बायका आत, पुरुष बाहेरच्या खोलीत. मी तिळगूळ द्यायला बाहेर गेले, तर हा सगळ्यांना सांगत होता, "आमच्या मॅडमनी गाडी कर्बवर चढवली, सस्पेन्शन गेलं यार." हशा. कोणीतरी म्हणालं, वहिनी, फ्रीमाँटला पोचाल ना? मी वाटी पुढे केली. गोड बोला. सगळ्यांना म्हणाले, यालाही म्हणाले. दात आवळून.

काकूंनी स्वयंपाकघरात हळूच विचारलं, लागलं नाही ना गं कुठे? तेव्हा मात्र रडू आलं.

२७ जानेवारी, मंगळवार

आज घाईत शटलने गेला. चावी फ्रिजवर राहिली. आतल्या रस्त्यांनी हळूहळू गाडी गॅरेजमध्ये नेली.

गॅरेजवाल्याने गाडी वर चढवली आणि मलाच खाली उभं करून बॅटरीने दाखवलं. सैल चेन आतून फटके मारत होती. शॉकअॅब्सॉर्बरवर चरे, खालच्या सांध्याचं रबर फाटलेलं, ब्रेकचा रबरी पाइप घासून आतले धागे दिसताहेत. दोन्ही बाजूंना! कर्बला दोन्ही चाकं आतून कशी घासतील? मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग तो म्हणाला, गाडी इथेच ठेवा. ब्रेक कधीही जाईल, हायवेला तर मुळीच नेऊ नका. पण अनिकाला शाळेतून आणायची वेळ झाली होती, आणि याला न विचारता गाडी काढलेली. तशीच जपून परत आणली.

संध्याकाळी तो आल्याबरोबर म्हटलं, "गाडीचं एक सांगायचंय —"

"स्वानंदी, गाडीचा विषय बंद. मी वैतागलोय. कळलं?"

बंद तर बंद.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळी तो गाडी घेऊन गेला. हायवेने. मी दारात उभी होते. विषय बंद होता.

पोहे केले, तसेच झाकून ठेवले. फोन जवळ ठेवून कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. फोन वाजला तर काय म्हणायचं, तेही मनात तयार होतं — मला काही माहीत नव्हतं! इतकं तयार की माझी मलाच भीती वाटली.

संध्याकाळी आला. जेवायला काय आहे, म्हणाला. मी भाजी वाढली. आणि तरीही काही बोलले नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

पाऊस. अनिकाचं शाळेचं ज्वालामुखीचं मॉडेल भिजेल, म्हणून निमिष म्हणाला, मी सोडतो तिला. मी ओट्यापाशी डबा भरत होते. खिडकीतून पाहिलं तर ती मागे बसून पट्टा लावत होती.

जिना कशी उतरले, आठवत नाही. अनवाणी. गाडीसमोर बॉनेटवर दोन्ही हात टेकून सगळं ओरडून सांगितलं — ब्रेकचा पाइप, दोन्ही चाकं, मंगळवारचं गॅरेज. अनिकाला खाली उतरवलं.

त्याने काच खाली केली.

"काल मी गेलो, तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

त्याने गाडी बंद केली. चावी माझ्या हातावर ठेवली आणि अनिकाचा हात धरून पावसात शाळेकडे चालत निघाला.