वर्षालीवर दोघी

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढा, बीपी उतरेल. मला राग येत नाही. मी स्पष्ट बोलतो. लोकांना यातला फरक कळत नाही, याचा मात्र येतो.

आश्रमशाळांच्या स्पर्धेत मुलींचं बास्केटबॉल यंदा आपण जिंकणार. ठरलेलं आहे. कारण वर्षाली. नववीत आहे, सूर्यमाळची, उंची पाच फूट आठ इंच. या आश्रमशाळेत तिच्यापेक्षा उंच फक्त मी आणि पाण्याची टाकी. तिने रिंगखाली उभं राहायचं, बॉल घ्यायचा, आत टाकायचा. बाकी चौघींनी तिला बॉल द्यायचा. माझी सगळी योजना दोन शब्दांत मावते: वर्षालीकडे दे.

संकल्प: ग्राउंडवर ओरडायचं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जव्हारच्या टीमबरोबर सराव सामना. आमच्याच ग्राउंडवर. ८–२६. हरलो.

त्यांचा कोच हेमराज. माझ्याबरोबर बी.पी.एड.ला होता. कॉलेजच्या टीमचा कॅप्टन. मी सहावा खेळाडू. सहावा म्हणजे गरज पडेल तेव्हा उतरणारा, सर्वांत महत्त्वाचा. दोन वर्षांत गरज पडली नाही, तो टीमचा दोष.

आज हेमराजने काय केलं? वर्षालीच्या हातात बॉल आला रे आला की दोन मुली तिच्यावर. एक पाठीला चिकटलेली, दुसरी समोरून हात वर करून. तिला ना वळता येतं, ना काही दिसतं. मी रेफ्रीला सांगितलं, एकीवर दोघी हा अन्याय आहे. तो म्हणाला, नियमात बसतं. मी पुस्तक मागितलं. त्याने दिलं. घरी आणलंय. अन्यायाचं पान अजून सापडलेलं नाही.

पूर्ण वेळ मी लाइनजवळ उभं राहून मार्गदर्शन केलं. घुस, जोर लाव, घाबरतेस काय. तिने जोर लावला. पाच फाउल, बाहेर. कोणाचं तरी कोपर लागून ओठ फुटला. मग मी विचारलं, एवढा जोर लावायला कोणी सांगितलं होतं? ओठ पुसत नळाकडे गेली. उर्मटपणा.

घसा बसलाय. ओरडलो नाही. सतत मार्गदर्शन केलं की बसतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

टीमची मीटिंग. मी पाऊण तास बोललो. मग लोकशाही पद्धतीने विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. अशा वेळी कोणी काही सांगत नसतं. वर्षालीने हात वर केला.

"सर, दोघी माझ्याजवळ आल्या म्हंजे आपली एक मोकळी रहते ना?"

मी सांगितलं, मोकळी राहते म्हणजे ती कामचुकार आहे. यावर उपाय सांगितला. वर्षालीवर दोघी आल्या की बाकी चौघींनी धावत मदतीला जायचं. एकजूट.

सखी खाली बघून हसली. सखी म्हणजे आमची सगळ्यात बुटकी, खोडाळ्याची, बॉल पुढे आणते ती. कशाला हसली विचारलं तर खोकला आला म्हणाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एकजुटीचा सराव. आठवीच्या मुली विरुद्ध बाजूला घेतल्या.

चौघी धावत मदतीला गेल्या. ज्या त्यांना अडवत होत्या, त्याही त्यांच्या मागोमाग आल्या. रिंगखाली दहा जणी. बॉल कुठाय ते दहांपैकी एकीलाही ठाऊक नाही. शेवटी तो घरंगळत स्वयंपाकघराच्या पायरीवर गेला आणि तुळशीबाईंना सापडला. त्या तांदूळ निवडत होत्या. बॉल परत देताना म्हणाल्या की बाजाराच्या दिवशी मोखाड्याला जीपच्या दारात अशीच गर्दी होते, आणि मग आत कोणीच चढत नाही. मी त्यांना भाताकडे लक्ष द्यायला सांगितलं.

गर्दीत वर्षालीचं मनगट मुरगळलं. योजना बरोबर होती. मुली जास्त झाल्या.

संकल्प: उद्यापासून ओरडायचं नाही. चहा दोनच कप.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी सहा वाजता

चार कप झाले. कारण आहे.

पहाटे उठून ग्राउंडवर गेलो तर टीम आधीच तिथे. परवानगी नाही, कोच नाही. बॉल बाजूला पडलेला आणि पाच जणी उकिडव्या बसून जमिनीवर खडे मांडतायत. मधे मोठा दगड, त्याला चिकटून दोन खडे, बाकीचे लांब लांब. वर्षाली मनगटाला फडकं बांधून एकेक खडा सरकवत होती. विचारलं, हे काय चाललंय? रोशनी म्हणाली, सर, लांब उभं राहिलं तर काय होतं ते बघतोय.

लांब उभं राहून! मी एकजूट शिकवतोय आणि या लांब उभ्या राहणार.

बॉल जप्त केला. खडे पायाने उधळले. आणि वर्षालीला म्हणालो, देवाने तुला उंची दिली, डोकं द्यायचं राहून गेलं.

विनोद होता. कोणी हसलं नाही. ती मनगटाचं फडकं सोडत वसतिगृहाकडे चालू लागली.

सायंकाळी: मुख्याध्यापिका नीता मॅडमनी बोलावलं. बॉल शाळेचा आहे, तुमचा नाही, असं म्हणाल्या. बॉल परत केला. स्वखुशीने.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्षालीचा बाप आला. जिवा नाव. मजुरी करतो, थोडी नागली, म्हणजे नाचणी, आणि भात आहे. भाताची झोडणी चाललीय, पोरीला आठ दिवस नेतो म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली आणि खेळाचं महत्त्व समजावलं. शिस्त, त्याग, एकाग्रता. वीस मिनिटं. त्याने सगळं ऐकून घेतलं. खुर्चीवर बसला नाही. मग पोरीचं सुजलेलं मनगट बघत म्हणाला,

"सर, तिला दोघी धरतात. मग तुम्ही तिच्यावरच का रागावता?"

उत्तर मला येत होतं. दिलं नाही. बस निघायची वेळ झाली होती.

दोघं निघून गेले. ती मागे वळून बघेल असं वाटलं होतं. कशाला वाटलं कोण जाणे.

१ डिसेंबर, सोमवार

वर्षालीशिवाय सराव. तिच्या जागी, रिंगखाली, गौराला सेंटर केलं. ती माझ्या छातीला लागते. आठवीच्या मुलींनी तिच्यावर दोघी सोडल्याच नाहीत, एकच पुरली.

नीता मॅडम म्हणाल्या, तुम्ही स्वतः जाऊन तिला घेऊन या. मी म्हटलं, शिपायाला पाठवू. त्या म्हणाल्या, शिपायाने तिचा अपमान केला नव्हता. पुढे हेही म्हणाल्या की झोडणी उरकली की घरचे भिवंडीकडे कामाला उतरतील, आणि ती एकदा त्यांच्याबरोबर गेली की गेली. मागच्या वर्षी दोन मुली अशाच आठ दिवसांसाठी गेल्या होत्या. हजेरीपटावर अजून त्यांची नावं आहेत, म्हणाल्या.

हे मला आधी कोणीच का सांगितलं नाही? या शाळेत माहितीचं व्यवस्थापनच नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सूर्यमाळ. शेअर जीपमध्ये अठरा माणसं, मी सतरावा. उतरल्यावर पाड्यापर्यंत चढ. रस्ता दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, हा इथंच आहे. 'इथंच' म्हणजे पाऊण तास.

वर्षाली खळ्यावर होती. एका हाताने पेंढे उचलून आईला देत होती, दुसरा हात पोटाशी धरलेला. मला बघून थांबली नाही. जिवाने पाणी आणून दिलं. हंडा किती लांबून येतो ते त्याने सांगितलं नाही, पण येताना मी विहीर बघितली होती. तांब्या अर्धाच प्यायलो.

भाषण तयार होतं. मी तिला माफ करायला आलोय, असं सुरू होणार होतं. तोंड उघडलं तर नुसता दम बाहेर आला. तेवढ्यात तीच बोलली.

"मी येते सर. पण मला काय सुचतं ते करून बघायचं. आणि डोक्याचं परत बोलायचं नाय."

अट मी मान्य केली असं नाही. चढाने धाप लागली होती, त्यात मान हलली. तिने तो होकार धरला. आईने तिच्या पिशवीत नागलीच्या भाकऱ्या घातल्या. मलाही दोन दिल्या. रागाने चालत उतरलो, पण भाकरी चांगली होती.

६ डिसेंबर, शनिवार

त्यांना काय सुचलंय ते बघितलं. कोच म्हणून नोंद ठेवणं माझं काम आहे.

वर्षाली रिंगजवळ, पाठ रिंगकडे. बॉल आला की टप्पा द्यायचा नाही, डोक्याच्या वर धरायचा. तिथे दोघींचेही हात पोचत नाहीत. बाकी चौघी जवळ जायच्याच नाहीत. दोघी लांब कोपऱ्यांत, एक समोर, सखी बाजूला. दुसरी पोरगी वर्षालीवर धावली म्हणजे ती कोणाला तरी सोडून आली. जी सुटली तिने सांगायचं. वर्षालीने तिला बॉल द्यायचा, थांबायचं नाही. सखी सुटली तर तिने मागून थेट रिंगखाली पळायचं.

आठवीच्या मुली पंधरा मिनिटांत रडकुंडीला आल्या.

मूळ कल्पना माझीच आहे. सेंटरवर दोघी येतात हे सर्वांत आधी माझ्या लक्षात आलं होतं. एकच दोष काढला: बॉल वर्षालीकडून बाहेर फार जातो. आज हे मी बावीस वेळा सांगितलं. सखीने मोजलं म्हणे. शाळेत गणितात काठावर पास होते.

१३ डिसेंबर, शनिवार

मोखाडा. सकाळी सेमीफायनल सहज जिंकली. दुपारी फायनल, जव्हारच्या टीमबरोबर.

सगळं लिहून काढतो. बीपीसाठी.

मॅच सुरू झाली तशी हेमराजने वर्षालीवर दोघी सोडल्या. मी लाइनवर. सखीने बॉल आत दिला, वर्षालीने वर धरला. मी सांगत होतो, टाक, टाक! ती इकडेतिकडे बघत राहिली. बॉल गेला. पुन्हा तेच. मी सांगतोय, घुस, तिला कळतच नाही कोणाला द्यावा. चार वेळा बॉल गेला. हाफटाइमला ६–१५.

रेफ्रीला दोघींचा अन्याय पुन्हा समजावला. त्याने वाद घातला म्हणून मला टेक्निकल फाउल दिला. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला मी फक्त एवढंच म्हणालो की तुमचं पुस्तक माझ्या घरी आहे, म्हणूनच तुम्हाला नियम आठवत नाहीत. दुसरा टेक्निकल. बाहेर. ग्राउंडच्याही बाहेर. नीता मॅडम माझ्या जागी जाऊन बसल्या. त्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

मी भिंतीपलीकडे रस्त्यावर, जीपच्या रांगेजवळ. भिंत उंच. दिसत काही नाही. तिथूनही मार्गदर्शन सुरू केलं, पण एका जीपवाल्याने प्रवासी भरायचे म्हणून खोडाळा-खोडाळा-खोडाळा लावलं. त्याच्यापुढे माझा आवाज गेला. त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, मास्तर, मी पोट भरतोय, तुम्ही काय करताय?

भांडणात किती वेळ गेला माहीत नाही. आतून मोठा गलका झाला. मी एका पोत्यावर चढून बघितलं. मुली सखीला उचलत होत्या. फळ्यावर २७–२४.

कोणाचे २७ ते मी तीन जणांना विचारलं. आमचे.

हेमराज बाहेर आला. हात मिळवला. म्हणाला, उमेश, दोघी सोडल्या की तुमची प्रत्येक वेळी मोकळी पोरगीच बॉल घेत होती. शेवटी मला एक पोरगी मागे घ्यावी लागली, मग त्या वर्षालीने एकटीने दहा मारले. कोणी शिकवलं रे हे?

मी म्हणालो, टीमवर्क. तो पाठीवर थाप मारून गेला. थाप मला आवडली नाही.

परतताना जीपमध्ये मुली गात होत्या. नीता मॅडम पुढे. मी मागे, टपाच्या शिडीजवळ.

१५ डिसेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर पाचही जणी स्टाफरूमच्या दाराशी. मला वाटलं हार-नारळ. टेबलावरचे कागद सरळ केले, चष्मा पुसला. आत आल्या. हातात काही नव्हतं. सगळ्या सखीकडे बघू लागल्या. सखी म्हणाली, पुढची मॅच पालघरला आहे. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, मी कोच आहे. शेवटी वर्षालीच पुढे झाली.

"सर, पालघरला पण तुम्ही बाहेर बसाल का?"

मी उभा राहिलो. जे बोलायचं होतं ते सगळं तोंडात आलं. सूर्यमाळचा चढ, तीन वर्षांचे कष्ट, फक्कीने आखलेल्या लाइनी, माझा घसा. तिने मला सुरू होऊ दिलं नाही. हळू आवाजात बोलत होती, म्हणून ऐकायला थांबावं लागलं. ती म्हणाली, दोघी चिकटल्या की मला दिसत नाय. समोर हात, बाकी पाठीमागे. जी मोकळी असते ती सांगते, तेव्हाच कळतं. तुम्ही ओरडता त्यात तिचं ऐकू येत नाय. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा आलं.

म्हणजे तिच्यावर दोघी नव्हत्या. तिघं होते. हे तिने म्हटलं नाही. मला लिहिताना सुचलं, आणि खोडून टाकणार होतो.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्या गेल्या नाहीत. मी म्हणालो, बरं.

संध्याकाळी सराव होता. फाटकाबाहेर उभा राहिलो. राग आहेच. कोणावर ते अजून ठरलेलं नाही. पहिल्याच बॉलला वर्षालीवर दोघी धावल्या आणि माझं तोंड उघडलं. मिटलं. तेवढ्यात सखीचा आवाज आला. तीन वर्षं ती माझ्या टीममध्ये आहे, तिचा ग्राउंडवरचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. बारीक आहे. "मोकळी," एवढंच म्हणते, तेही एकदाच.