किटलीचं झाकण उघडंच राहिलं

प्रिय लै-फनताई,

आधी हात जोडून नमस्कार. तुझा उजवा गुडघा, भावजींचा खोकला आणि गॅलरीतलं संत्र्याचं झाड, तिघांचीही खुशाली कळव. (झाडाची आधी कळवलीस तरी भावजींना सांगणार नाही.) मी ठणठणीत आहे, पोटाचं मात्र विचारू नकोस, त्याचीच हकीकत सांगायला बसलोय.

काल रविवार, म्हणून सवयीने आपल्या चहाघरात गेलो. एकटा असा पहिल्यांदाच. किटलीतलं पाणी संपलं तसं ‘पाणी भरा’ अशी खूण म्हणून रीतीप्रमाणे झाकण उघडून तिरकं ठेवलं. पाणी काही येईना. नुसती ‘म्‌गोय’ म्हणून विनंतीची हाक मारली असती तर काम झालं असतं (दोन वर्षांचं पोरही मारतं). पण भरल्या चहाघरात मोठ्याने बोलायचं म्हणजे माझ्या घशाला कुलूप! म्हणून बोट वर केलं. खाण्याच्या वाट्यांची ढकलगाडी टेबलांमधून फिरवणाऱ्या बाईंनी समोर कोंबडीच्या पायांची वाटी आदळली. नको म्हणणं बरं दिसेना, म्हणून खाल्ली. पुन्हा बोट वर केलं. पुन्हा पाय! तिसऱ्या वाटीला माझ्याच टेबलावर बसलेल्या एक अनोळखी आजी भडकल्या. “अहो, तोंड काय फक्त खायलाच दिलंय? मागा की पाणी!” मग त्यांनीच “म्‌गोय, पाणीऽऽ” अशी आरोळी ठोकली. पाणी आलं, पण आजींच्या किटलीत. तेवढ्यात जागेसाठी एक कुटुंब माझ्या खुर्चीमागे येऊन उभं राहिलं. त्यांच्यातल्या आजोबांचा श्वास मानेला लागायला लागला, तसा मीच “माफ करा हं” म्हणत उठलो. (माफी कशाची, ते मलाही ठाऊक नाही.)

बत्तीस वर्षं माझं पाणी तूच मागत आलीस, ताई. आणि अकरा रविवारांमागे मीच तुला चारचौघांत म्हणालो, “जरा हळू बोल, लोक बघतात.” तू हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवून उठलीस, ती परत आलीच नाहीस. लोक बघत नव्हते गं. आसपासच्या चार टेबलांचं पाणीसुद्धा तुझ्याच हाकेने यायचं, हे मला काल कळलं. फार वाईट वाटलं.

बाकी सगळं ठीक.

तुझा धाकटा भाऊ,
शिउ-लून

ता. क. येत्या रविवारी येशील का? सक्ती नाही. जमलं तर. नाहीतर राहू दे.

आणखी ता. क. राहू देऊ नकोस.

शेवटचा ता. क. पाकिटावर तिकीट नाही, कारण हे पत्र मी दाराखालून सरकवतोय. बेल वाजवायचा धीर होईना, म्हणून अर्धा तास तुझ्या जिन्यातच उभा आहे. शेजारच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. दार उघड ना, ताई. म्‌गोय.